आईचा आवाज वाजला

सिंथचे ट्रॅक शेवटच्या दिवसापर्यंत ऑडिओत बदलायचे नाहीत, असं मी दहा-बारा वर्षं ठासून सांगत आलो. भिलाईतल्या सुपेल्यात माझ्याकडे संगणकावरचं संगीत शिकायला येणाऱ्या मुलांनाही तेच शिकवलं. मिडीत असलं की सूर हलवता येतो, लय वाढवता येते, आवाज पसंत पडला नाही तर अख्खा बदलता येतो. ऑडिओ केला की दार लागलं. हे माझं मत आता राहिलेलं नाही.

आमचं घर मूळचं नागपूरकडचं. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले आणि आम्ही इथलेच झालो. आईनं मात्र भुलाबाई सोडली नाही. कोजागरीला शेजारच्या छत्तीसगढी बायकाही येऊन बसायच्या, खिरापत ओळखायच्या. २०१३ साली मी आईची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड केली. रविवारच्या बाजाराच्या गलक्यात जमेना, म्हणून रात्री साडेअकराला, पंखा बंद करून. मग तिच्या आवाजाभोवती एका सॉफ्टवेअर सिंथवर बेस रचला, मागं लांबत जाणारे सूर भरले, टिपऱ्यांसारखा ठेका बसवला. पुढं कधीतरी नीट मिक्स करू म्हणून सगळं मिडीतच ठेवलं.

आई २०१९ मध्ये गेली. गेल्या वर्षी ती फाइल उघडली. मधे संगणक बदलला होता. जुनं प्लगिन ३२-बिटचं, नव्या मशीनवर ते चालेना, आणि बनवणाऱ्यांनी ते केव्हाच बंद केलेलं. पडद्यावर चौदा ट्रॅक दिसत होते, सुरांचे ठोकळे जागच्या जागी. प्ले दाबलं. आईचा आवाज स्वच्छ आला. ओळ उचलण्याआधीचा श्वास आला, बांगड्यांची बारीक किणकिणही आली. बाकीचे तेरा ट्रॅक गप्प.

चार रात्री मी तो बेस पुन्हा बनवायला बसलो. सूर समोर लिहिलेले होते, तरी तो सापडला नाही. मिडी म्हणजे कुठली पट्टी, कधी, किती जोरानं, किती वेळ दाबली याची नोंद. नाद त्यात नसतोच. हे मला पाठ होतं, मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो. त्याचा अर्थ त्या चार रात्रींत कळला.

तेव्हा चरणजीत सिंग आठवले. १९८२ साली मुंबईत त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३ मध्ये रचलेले सूर साठतात, पण नॉब कुठवर फिरवला ते साठत नाही. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या बोटांनी जे केलं ते फक्त रेकॉर्डिंगमध्ये उरलं, आणि तेवढ्यावर आज आपण ते ऐकतो.

सॉफ्टवेअर सिंथचंही पुष्कळदा तसंच असतं. काहींत लहर दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होते. किकबरोबर पडलेला तोच बेस एकदा भरदार लागतो, एकदा पोकळ. मी तासन्‌तास मिक्स बिघडलंय म्हणून शोधत बसायचो. आता तीन-चार वेळा रेकॉर्ड करतो आणि कानाला बसतो तो ठेवतो. मे महिन्यात लॅपटॉप तापून आवाज तडतडायचा, म्हणून मी बफर १०२४ वर नेत असे. ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्यानंच २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, बोट आणि सूर यांची चुकामूक होते. ऑडिओ झालेले ट्रॅक प्रोसेसरवर फारसा भार टाकत नाहीत, मग बफर वाढवावा लागत नाही.

मग कधी बदलायचं? गायिकेची पट्टी ठरेपर्यंत मुळीच नाही. इथं माझं जुनं मत खरं होतं आणि ते मी सोडणार नाही. "दादा, काळी पाच चढत नाही, काळी चार घ्या ना," असं तिनं म्हटलं की मिडीत क्षणाचं काम असतं. ऑडिओ खाली ओढला तर त्याचा पोत जातो. पण पट्टी आणि लय ठरली आणि आवाज मनाला पटला की त्याच संध्याकाळी. नुसतं फ्रीझ करून भागत नाही, ती सोय त्या प्रोजेक्टपुरती असते. गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून वेगळी फाइल काढायची, शेवटचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, रिव्हर्बसह एक आणि कोरी एक. मिडी पुसायची नाही, बाजूला ठेवायची. २४-बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १६ एमबी लागतात. पाच मिनिटांच्या गाण्याचे ते तेरा ट्रॅक दोन्ही फाइलींसह दोनेक जीबीत मावले असते.

जी मुलं माझं ऐकून सगळं उघडं ठेवून गेली, त्यांना मी एकेकाला फोन करून हे सांगितलं. दोघांचे जुने प्रोजेक्ट वेळेत उघडले.

आईच्या गाण्याचा बेस मिळाला नाही. त्या जागी आता ताईनं वाजवलेल्या टिपऱ्या आहेत, माइकवर घेतलेल्या.