ई-मेलचा प्रोग्रॅम वारंवार बंद पडतो तेव्हा

ज्येष्ठ रुग्णांच्या तक्रारींत अलीकडे एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. ती कोणी प्रारंभी सांगत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवणावर वासना नाही, असे सांगून झाल्यावर, उठता उठता हळूच उच्चारली जाते: "डॉक्टर, कॉम्प्युटरवरची पत्रे उघडली की तो आपोआप बंद होतो. माझ्याच हातून काहीतरी बिघडले असणार."

या शेवटच्या वाक्यासाठीच हा लेख लिहीत आहे. साठी उलटल्यावर जिद्दीने संगणक शिकलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. मोबाईलवरची अक्षरे तिला बारीक वाटतात. मोठा पडदा आणि कळफलक तिच्या हाताला सरावाचा झाला आहे. मुलांची पत्रे, बँकेची विवरणे, विम्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल हे सारे त्या एका खिडकीतून तिच्यापर्यंत पोहोचते. ती खिडकी उघडताच मिटू लागली, की यंत्राच्या दोषाचे खापर ज्येष्ठ माणूस प्रथम स्वतःच्या वयावर फोडतो. "आता हे आपल्याला झेपणार नाही," असे म्हणून तो एकेक सवय सोडू लागतो. एका वैद्याला हे परवडण्यासारखे नाही.

माझ्या एका रुग्ण बाईंची हकिकत त्यांच्या अनुमतीने, ओळख न देता सांगतो. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, वय ७४. एरवी १३० च्या आसपास असणारा त्यांचा वरचा रक्तदाब त्या दिवशी १६४ भरला. चार रात्री झोप नव्हती. त्यांचे यजमान मस्कतला नोकरीस होते. २००४ पासून २०११ पर्यंत दर शुक्रवारी, तेथील सुटीच्या दिवशी, ते बाईंना पत्र लिहीत. मराठी, पण रोमन लिपीत. यजमान आता नाहीत. पत्रे मात्र बाईंच्या संगणकात होती आणि अन्यत्र कोठेही नव्हती. प्रोग्रॅम उघडल्यावर अर्ध्या मिनिटात बंद पडत होता. दुरुस्तीच्या दुकानातून सांगण्यात आले होते, "फॉरमॅट मारावे लागेल, उद्या मशीन घेऊन या." 'फॉरमॅट' म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक नव्हते. मी त्यांना म्हटले, "बाई, उद्याचा दिवस थांबा. मी रविवारी येतो."

वैद्यकात आम्हांला पहिला धडा असतो तो इतिहास घेण्याचा. औषधाची चिठ्ठी त्यानंतर. त्या रविवारी मी कागद घेऊन बाईंच्या शेजारी बसलो आणि रुग्णाला विचारावेत तसेच चार प्रश्न विचारले. हे कधीपासून होत आहे? उघडताक्षणी होते, की एखादे विशिष्ट पत्र उघडल्यावर? संगणकावरचे इतर प्रोग्रॅमही असेच बंद पडतात का? आणि हे सुरू होण्याच्या सुमारास नवीन काय घडले?

हे चार प्रश्न आपणही लिहून ठेवावेत. इतर प्रोग्रॅमही बंद पडत असतील, तर दोष ई-मेलच्या प्रोग्रॅमपेक्षा यंत्राच्या डिस्कमध्ये, मेमरीत किंवा विंडोजमध्ये असण्याचा संभव अधिक. ठरावीक एका पत्रापाशीच अडत असेल, तर ते पत्र अथवा त्याचा फोल्डर संशयित. उघडताक्षणी बंद पडत असेल, तर बहुधा नंतर जोडलेले एखादे 'ॲड-ऑन', म्हणजे मूळ प्रोग्रॅमला बाहेरून चिकटवलेली लहानशी सोय, कारण ठरते. डिस्क काठोकाठ भरली असेल तरीही प्रोग्रॅम कोलमडतो. म्हणून रिकामी जागा किती उरली आहे, हे आधी पाहावे. बाईंच्या उत्तरांतून एक गोष्ट निघाली. दिवाळीच्या सुटीत नातू आला होता आणि त्याने आजीच्या सोयीसाठी दोन ॲड-ऑन बसवून दिली होती.

कारण कळल्यासारखे वाटले, तरी हात लगेच लावायचा नाही. प्रथम पत्रांची प्रत. ई-मेल दोन रीतींनी येते, हे येथे समजून घ्यावे. 'आयमॅप' रीतीत पत्रे कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि संगणकात त्यांची प्रतिमा दिसते; संगणक बिघडला तरी पत्रे परत मिळतात. जुन्या 'पॉप' रीतीत पत्रे संगणकात उतरवून घेतली जातात आणि अनेकदा सर्व्हरवरून पुसली जातात. अशा वेळी संगणक हीच एकमेव पेटी. बाईंचे खाते 'पॉप' रीतीचे होते. म्हणजे फॉरमॅटनंतर शुक्रवारची पत्रे कायमची गेली असती.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांची पत्रे 'प्रोफाइल' नावाच्या फोल्डरात असतात. विंडोजमध्ये तो 'ॲपडेटा' या एरवी दडवलेल्या फोल्डरच्या आत सापडतो. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये पत्रे 'पीएसटी' प्रकारच्या फाइलमध्ये असू शकतात. ती बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधील 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरात असते. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून तो फोल्डर किंवा ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवावी. बाईंच्या घरी या कामाला तासभर लागला. तेवढ्या वेळात बाईंनी चहा केला आणि मस्कतच्या उन्हाळ्याची वर्णने सांगितली.

त्यानंतर खरी तपासणी. थंडरबर्ड सुरू करताना 'शिफ्ट' कळ दाबून धरली, तर तो 'ट्रबलशूट मोड'मध्ये, म्हणजे ॲड-ऑन बाजूला ठेवून उघडतो. आउटलुकसाठी 'कंट्रोल' कळ दाबून धरावी. मग 'सेफ मोड'बद्दल विचारणा होते. या अवस्थेत प्रोग्रॅम नीट चालला, तर मूळ प्रोग्रॅम आणि पत्रे बहुधा धडधाकट आहेत, एवढा दिलासा मिळतो. बाईंचा प्रोग्रॅम असा उघडल्यावर अर्धा तास चालू राहिला. मग सर्व ॲड-ऑन बंद केली आणि एकेक सुरू करून पाहिले. दुसरे सुरू करताच प्रोग्रॅम कोसळला. ते काढून टाकले. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा; तीन औषधे एकदम बदलली, तर गुण कोणत्याचा आणि अपाय कोणत्याचा, हे कळत नाही.

दोष ॲड-ऑनचा नसेल, तर फोल्डरकडे पाहावे. थंडरबर्डमध्ये एका फोल्डरची सारी पत्रे बहुधा एकाच मोठ्या फाइलमध्ये असतात आणि पुसलेले पत्रही 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत त्या फाइलमध्ये राहते. म्हणून इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षांचा साठा न ठेवता वर्षवार फोल्डर करावेत आणि प्रत घेतल्यानंतर 'कॉम्पॅक्ट' करावे. याच रचनेमुळे विषाणूरोधक प्रोग्रॅमलाही आवर घालावा लागतो. एखाद्या सदोष पत्रासाठी तो अख्खी इनबॉक्सची फाइल उचलून बाजूला ठेवू शकतो. एका पानाला कसर लागली म्हणून सबंध पोथी अडगळीत टाकावी, तसे. आउटलुकच्या सदोष फाइलसाठी 'स्कॅनपीएसटी' हे दुरुस्तीचे साधन त्याच्यासोबतच येते. तेही प्रतीनंतरच वापरावे.

एक इशारा. अडचणीच्या वेळी इंटरनेटवर 'मदत क्रमांक' शोधून फोन लावू नये. तेथे तोतया मदतनीस टपलेले असतात. ते संगणकाचा ताबा देणारे ॲप घ्यायला सांगतात, मग खात्याचा तपशील आणि ओटीपी मागतात. असे घडून पैसे गेले, तर लाज न बाळगता त्वरित १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता अधिक.

आता घरच्या मंडळींसाठी. "आई, सरक, मी करतो," असे म्हणून माउस हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा, कळा त्यांनाच दाबू द्या आणि पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. त्याचबरोबर डोळसपणे पाहा. प्रोग्रॅम सुरळीत असूनही माणूस अडखळत असेल, तर कारण मोतीबिंदूत, हाताच्या कंपात किंवा विस्मरणातही असू शकते. अनेक महिन्यांत हळूहळू नेहमीच्या पायऱ्या विसरू लागल्या, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. काल बिनचूक पत्र लिहिणारा माणूस आज एकाएकी गोंधळला, तर मात्र संगणक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम अशी कारणे त्यामागे असतात. बोलणे अडखळत असेल, चेहरा किंवा हात एका बाजूला लुळा पडला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

बाईंचा रक्तदाब पंधरवड्यानंतर १३६ भरला. तो पत्रे सुखरूप असल्यामुळे उतरला, की झोप लागू लागल्यामुळे, हे वेगळे काढून सांगता येणार नाही; गोळी मी चालूच ठेवली आहे. नातवाला त्या काही बोलल्या नाहीत. आता त्याने आजोबांच्या पत्रांची छापील वही करायला घेतली आहे.

आपल्या घरी एवढे अवश्य करा. खाते 'पॉप' आहे की 'आयमॅप', हे आजच कोणाकडून तरी पाहून घ्या. पेन ड्राइव्हवर पत्रांची प्रत घेऊन त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि औषधांचा डबा भरतो तशी ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताजी करा. आणि कोणी 'फॉरमॅट' हा शब्द उच्चारला, की आधी विचारा: "माझ्या पत्रांची प्रत घेतली का? मला ती उघडून दाखवा."