स्थितिकरण

दशलक्षण पर्व जवळ आले की गावोगावच्या मंदिरांत व्यसनमुक्तीचे संकल्पपत्र वाटले जाते. सप्तव्यसनांवर प्रवचने होतात, पाठशाळेतील मुले घोषवाक्ये लिहितात, आणि ज्यांनी आयुष्यात कधी मद्याला स्पर्श केला नाही अशी मंडळी त्या पत्रावर श्रद्धेने सही करतात. हे सारे योग्यच आहे. कुंपण शाबूत असलेले बरे. परंतु कुंपणापलीकडे जो आधीच गेला आहे, त्याने परत यावे कसे, याविषयी आपण फारसे बोलत नाही. हा लेख त्या परतीच्या वाटेविषयी आहे, आणि विशेषतः ज्यांचे घर आपल्या घराशेजारी असते त्या माजी सैनिकांविषयी आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांना सैनिकांची ओळख करून देण्याचे कारण नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लावते. शिरोळ तालुक्यातील टाकळीला सारे ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. ऊसपट्ट्यातील आपल्या शेतकरी समाजाचे बांध अशा अनेक घरांच्या बांधाला लागून आहेत. शिपाई पदावरील जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळू शकते, त्यामुळे यांतील बरेच जण चाळिशीच्या आत-बाहेर घरी परततात. आमच्यासारखे लोक साठीला निवृत्त होतात, तेव्हा मुले मार्गी लागलेली असतात. जवान परततो तेव्हा त्याची मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, आणि पहाटेच्या बिगुलापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत आखून दिलेला दिवस एकाएकी मोकळा पडतो. हाती दरमहा पेन्शन असते. सैनिकी कँटीनमधून हुद्द्यानुसार ठरलेला मद्याचा कोटा सवलतीच्या दरात मिळत राहतो. मोकळा दिवस, नियमित पैसा आणि स्वस्त बाटली हे तिन्ही एकत्र आले की काय होऊ शकते, ते पेन्शनच्या खिडकीमागे बसणाऱ्याला लवकर कळते.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर, आणि सारी नोकरी बँकेतली. ग्रामीण शाखांत असताना दर नोव्हेंबरला हयातीचे दाखले घेताना शेकडो माजी सैनिक भेटत. बहुतेक जण ताठ चालीचे, नेमके बोलणारे, वेळेआधी हजर राहणारे. काहींची सही मात्र वर्षागणिक बदलत जाई. अक्षरे आधी थरथरत, मग तुटत, आणि पुढे नमुना सहीशी जुळेनाशी होत. अशाच एका हवालदारांच्या पत्नी एके दिवशी समोर येऊन बसल्या. “साहेब, त्यांची पेन्शन माझ्या खात्यात वळवता येईल का?” असे त्यांनी विचारले. तसे करण्याचा अधिकार बँकेला नाही. निवृत्तिवेतन त्याच्या धन्याच्याच खात्यात जमा होते. पती-पत्नीच्या संयुक्त नावाने मात्र पेन्शन खाते ठेवता येते, आणि तेही दोघांच्या संमतीने. मी ते समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “संमती द्यायला माणूस शुद्धीत असावा लागतो.”

पुढची हकिकत त्यांच्याच तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळली. भावकीने बैठक घेतली. हवालदारांना देवासमोर उभे करून शपथ घ्यायला लावली आणि प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस उपवास सांगितला. शपथ त्यांनी मनापासून घेतली होती, हे महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी अंगाला कंप सुटला, घामाने कपडे भिजले. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवरून किडे चालताना दिसू लागले, आणि ते अंगणात उभे राहून चौकीवर असल्यासारखे हुकूम देऊ लागले. शेजाऱ्यांना वाटले, बाहेरची बाधा आहे. गल्लीतील एक तरुण परिचारिका घाईने आली. तिने बाधा, उतारा वगैरे सारे बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलावली. म्हणून ते वाचले.

त्या रात्री जे घडले त्याला वैद्यकशास्त्रात निश्चित नाव आहे: मद्यत्यागानंतरचा कंपोन्माद, डॉक्टरांच्या भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीच्या विरोधात सतत जोर लावायला शिकलेला असतो. मद्य अचानक थांबले की समोरचा दाब नाहीसा होतो, पण मेंदूचा जोर तसाच राहतो. त्यातून कंप, झोप उडणे, झटके आणि भास उद्भवतात. झटक्यांचा धोका पहिल्या दोन दिवसांत अधिक असतो आणि भ्रमाचा प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येतो. उपचार न झाल्यास यात मृत्यूही ओढवू शकतो. रुग्णालयात योग्य औषधांनी हा जोर हळूहळू उतरवतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेले असते. आपल्या समाजाने यातून एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. उपवासाचे मोल मी जाणतो. परंतु रोज पिणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम मद्य सोडणे आणि त्याच वेळी उपोषण धरणे, हे तप नसून जिवाशी खेळ आहे. आधी उपचार, मग व्रत.

शरीर सावरले की खरे काम सुरू होते. या हवालदारांचे मद्य झोपेसाठी सुरू झाले होते. सीमेवरच्या एका रात्री शेजारचा जोडीदार गेला, आणि तेव्हापासून डोळा लागला की तीच रात्र पुन्हा उभी राही. फटाक्याच्या आवाजाने ते जमिनीवर आडवे होत. घरचे त्याला थट्टेने घेत. अशा अवस्थेला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. पहिल्या महायुद्धातील सैनिकांत त्याला ‘शेल शॉक’ म्हटले गेले. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत त्याला आजचे नाव मिळाले. मद्य अशा माणसाला पहिली काही वर्षे झोप देते आणि नंतर तीच झोप हिरावून घेते. म्हणून केवळ बाटली काढून घेतली आणि ती रात्र तशीच ठेवली, तर उपचार अर्धाच राहतो. व्यसन आणि मनाची जखम या दोहोंवर एकत्रच इलाज करावा लागतो.

येथे कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नियम मद्याच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई देत नाहीत; ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली मानली जाते. याउलट २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला, मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतो, आणि सरकारी सेवेत उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवतो. एक नियम म्हणतो, तुझ्या हाती होते. दुसरा म्हणतो, तू आजारी आहेस. कर्मसिद्धांत शिकलेल्या आपल्याला या दोहोंत विसंगती वाटू नये. कर्माचा उदय झाला म्हणून पुरुषार्थ संपत नाही, आणि पुरुषार्थ करावयाचा म्हणून वैद्याची गरज सरत नाही.

आता प्रत्यक्ष वाटा पाहू. पहिली वाट माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची, म्हणजे ईसीएचएसची. एप्रिल २००३ पासून ही योजना चालू आहे. सभासद निवृत्तिवेतनधारक व त्याची पत्नी यांना योजनेच्या दवाखान्यात तपासणी मिळते, आणि तेथील डॉक्टरांच्या शिफारशीने तज्ज्ञांकडे वा संलग्न रुग्णालयात पाठवले जाते. कार्ड नसेल, कागद अडले असतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. दुसरी वाट जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची. तेथे सैनिक असण्याचीही अट नाही. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिसरी वाट दूरध्वनीची. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, आणि सैन्यदलातील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी त्याचा स्वतंत्र कक्ष उघडला गेला. व्यसनासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ ही आहे. ज्याला दवाखान्याच्या दारात उभे राहण्याची लाज वाटते, त्याला निदान फोन तरी करता येतो.

चौथी वाट व्यसनमुक्ती केंद्राची. पुण्याचे मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. निवासी उपचार, गटचर्चा, समुपदेशन, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट, अशी तेथील कामाची रचना आहे. पाचवी वाट अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या बंधुसंघाची, जो १९३५ साली अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन हा पहिल्या महायुद्धातील सैन्याधिकारी होता आणि मद्याची ओळख त्याला लष्करात असतानाच झाली होती. या सभांना शुल्क नाही, नाव विचारत नाहीत, आणि आजचा एक दिवस न पिण्यापुरतेच बोलले जाते. कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉन हा वेगळा गट असतो.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या भुकट्या जेवणात मिसळू नयेत. डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखर आहे. ते घेतलेल्या माणसाने मद्य प्यायल्यास उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे असे होते. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून दिले तर जीव जाऊ शकतो, आणि जीव वाचला तरी घरावरचा विश्वास जातो. मद्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधेही आहेत. तीही तज्ज्ञांनीच ठरवावीत.

काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल की अहिंसेच्या उपासकांनी सैनिकाच्या दुखण्याचा एवढा विचार का करावा? आपल्या आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले, आणि रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा संकल्पी हिंसेपासून वेगळी ठेवली. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवणारा चामुंडराय स्वतः गंग राज्याचा सेनापती होता. आणि ती मूर्ती ज्यांची, ते बाहुबली तरी कोण? रणांगणातून थेट तपाला उभे राहिलेले वीर. वर्षभर देह निश्चल राहिला, अंगावर वेली चढल्या, तरी मनात एक शल्य उरलेच होते. कथेचे तपशील परंपरेनुसार वेगळे आहेत. कोणी म्हणतात भरत आला आणि नतमस्तक झाला, कोणी म्हणतात ब्राह्मी आणि सुंदरी आल्या. दोन्ही कथांत जवळचे माणूस स्वतः चालत त्याच्यापाशी गेले, हे मात्र समान आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितिकरण हे अंग आचार्य समंतभद्रांनी सांगितले आहे: जो ढळतो आहे त्याला पुन्हा स्थिर करणे. वारिषेण मुनींनी डळमळलेल्या पुष्पडालाला संघातून घालवले नाही. त्याला बरोबर घेऊन चालले. याच यादीत रुग्ण देहाची किळस न करणारी निर्विचिकित्सा आहे, आणि दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न आणणारे उपगूहनही आहे. व्यसनी माणसाला भावकीसमोर उभे करून शपथ घ्यायला लावताना ही तिन्ही अंगे आपण बाजूला ठेवतो.

ते हवालदार सात महिने मद्याविना राहिले आणि दिवाळीत पुन्हा प्यायले. पत्नीने त्यांना परत उपचाराला नेले. घसरणे हा या आजाराच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे, हे त्यांना केंद्रातील समुपदेशकांनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून त्या खचल्या नाहीत. पुढे खाते संयुक्त झाले, ते हवालदारांनी स्वतः मागितल्यामुळे. आता ते आठवड्यातून एकदा एसटीने शहरातल्या सभेला जातात, कारण गावात अशी सभा भरवायला जागा नाही.

जागा मात्र आपल्यापाशी आहे. बहुतेक गावांत आपले सभाभवन आहे, आणि लग्नसराई सोडली तर त्याची एखादी खोली संध्याकाळी रिकामीच असते. आमच्या गावी मी हा विषय काढला, तेव्हा मद्यपींना भवनात घ्यायचे का, असा आक्षेप आला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. आक्षेपामागची भावना मी समजू शकतो. परंतु त्या खोलीत येणारा माणूस त्या दिवशी न पिण्यासाठी येणार असतो. या दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी संकल्पपत्रावर सही करताना प्रत्येक गावच्या विश्वस्तांनी एक ठरावही करावा: आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, एक सतरंजी आणि पिण्याच्या पाण्याचा माठ. येणाऱ्याची जात, धर्म वा नाव विचारू नये. दारावर १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा.