न कळल्याची कबुली

२०२३ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. बेलवलीतील एका घरी आम्ही माळेच्या प्रार्थनेसाठी गेलो होतो. घरधनी मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेले. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राशी जखडून राहणे त्यांच्या नशिबी आले होते. त्यांचा थोरला मुलगा एम.डी. होऊन मुंबईत मूत्रपिंडशास्त्राचे तीन वर्षांचे डी.एम.चे शिक्षण घेत होता. प्रार्थना संपताच तो मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला. आम्हांला ते रुचले नाही.

"अरे, बाबांशी दोन शब्द तरी बोल!" आम्ही जरा कडकपणेच म्हणालो.

"फादर, बाबांविषयीच बोलतोय," तो शांतपणे उत्तरला.

मग त्याने उलगडून सांगितले. निरनिराळ्या शहरांतील शिकाऊ डॉक्टर ठरल्या रात्री मोबाइलवर एकत्र येत आणि एखादा शोधनिबंध मिळून वाचत. त्या रात्री युरोपातील १,३६० रुग्णांवरील 'कन्व्हिन्स' चाचणीची चर्चा होती. नेहमीच्या डायलिसिसवरील रुग्णांपैकी सुमारे अडीच वर्षांत २१.९ टक्के दगावले. रक्तातून अधिक द्रव गाळून तेवढाच शुद्ध द्रव परत देणाऱ्या नव्या पद्धतीत हे प्रमाण १७.३ टक्के होते. परंतु नव्या पद्धतीचा पुरेसा मारा सोसतील असेच रुग्ण चाचणीसाठी निवडले होते. मग हा निष्कर्ष आपल्या थकलेल्या बापाला लागू पडेल काय? त्याने लिहिले होते, "मला हे उमगत नाही." कोणी आकड्यांचा अर्थ उलगडला, कोणी त्यासाठी लागणाऱ्या अतिशुद्ध पाण्याची अडचण मांडली. दोघांची चूक एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सुधारली. रुग्णाचे नाव मात्र कोणीही उच्चारायचे नाही, असा नियम होता.

ही वाट दाखविणाऱ्यांत बॉस्टनचा नेथन हेलमन हा तरुण डॉक्टर होता. स्वतः शिकत असतानाच त्याने २००८ मध्ये संगणकाच्या जाळ्यावर 'रीनल फेलो नेटवर्क' सुरू केले. २०१० मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो वारला. सहकाऱ्यांनी कार्य थांबू दिले नाही. पुढे २०१४ मध्ये जोएल टॉफ आणि स्वप्नील हिरेमठ या डॉक्टरांनी 'नेफ जेसी' ही शोधनिबंधांची चर्चासभा उभी केली.

परतताना आम्हांला आमचे सेमिनरीतील दिवस आठवले. तत्त्वज्ञानाच्या तासाला कित्येक गोष्टी आमच्या डोक्यावरून जात. पण हात वर करण्याची लाज वाटे. शेजारच्या बाकावरील मित्रालाही विचारले नाही. त्यालाही कळत नव्हते, हे फार वर्षांनी त्याच्याच तोंडून समजले! दोघांनी मिळून कबुली दिली असती, तर दोघेही शिकलो असतो. आमच्या अज्ञानाने कोणाचा जीव गेला नाही, एवढेच. डॉक्टरांच्या अज्ञानाची किंमत मात्र रोग्याला मोजावी लागते.

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो. बाबांचा उपचार बदलला नव्हता. मुलाच्या प्रश्नाला सोपे उत्तर मिळाले नव्हते. तो मात्र बाबांच्या उशाशी बसून, काय कळले आणि काय कळले नाही, ते साध्या शब्दांत त्यांना सांगत होता. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. या वेळी आम्ही उपदेश केला नाही. जवळची खुर्ची ओढून घेतली आणि विचारले, "बाळा, हे आम्हांलाही समजावून सांगशील का?"