आजार तिचा, सांगण्याचा अधिकारही तिचा



उन्हाळा लागला की खानदेशातील घरांच्या गच्च्या बिबड्या-कुरडयांनी भरून जातात. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमध्ये हे काम कोणी एकटीने करीत नाही. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे अशा पाळीने बायका जमतात आणि उन्हे तापण्यापूर्वी ज्वारीच्या बिबड्या थापून मोकळ्या होतात. माझी आई चाळीस वर्षे या कामात सर्वांच्या पुढे असे. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात मात्र तिला कोणीही बोलावले नाही. त्याला कारण मी होतो.

मी नोकरीनिमित्त जळगावला राहिलो. आई धुळ्याला धाकट्या भावाकडे असते. त्या वर्षी माघ महिन्यात तिचा खोकला थांबेना. वजन उतरले, संध्याकाळी कणकण येऊ लागली. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. अहवाल माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी धुळ्याहून परतताना बसमध्ये होतो. पारोळा नुकतेच मागे पडले होते. मन घाबरलेले होते. नात्यातील एक बहीण परिचारिका आहे, तिने तो वाचावा, एवढ्याच हेतूने मी तो अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकला. त्या गटात त्रेचाळीस माणसे आहेत. अहवालावर आईचे संपूर्ण नाव, वय, पत्ता आणि रोगाचे नाव होते. एरंडोल येईपर्यंत अकरा जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठविली. मला धीर आला.

आईला तोवर आम्ही काहीच सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर शांतपणे सांगू, असे भावाचे व माझे ठरले होते. पण सकाळी नळावर शेजारच्या एका बाईंनी पदर नाकाला लावीत तिला विचारले, ‘तुम्हाला टीबी निघाला म्हणे?’ आपल्या आजाराचे नाव माझ्या आईने असे ऐकले.

मी धावत धुळ्याला गेलो. ती रागावली नाही. बराच वेळ गप्प राहून एवढेच म्हणाली, ‘मना आजार मना व्हता, भाऊ.’

या एका वाक्याने मला जे शिकविले ते आपल्यापुढे ठेवतो. वृद्ध आई-वडिलांची सेवा करताना त्यांच्या औषधांच्या वेळा, फाइली, मोबाइल, बँकेचे पासबुक असे सारे हळूहळू आपल्या हाती येते. मग त्यांचा आजारही आपलाच आहे, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तुतः आपण त्या माहितीचे केवळ राखणदार असतो. मालकी रुग्णाचीच राहते, मग त्याचे वय कितीही असो.

आपण विचाराल, क्षयरोग लपवून कसे चालेल? तो लपवायचा नसतोच. खासगी डॉक्टरांनीसुद्धा प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करावी, असा नियम 2012 पासून आहे आणि तो योग्य आहे. घरातील सर्वांची तपासणी आवश्यक होती. म्हणून भाऊ, वहिनी आणि नातवंडे यांना ताबडतोब सांगणे हे आमचे कर्तव्यच होते. सर्वोच्च न्यायालयानेही 1998 साली एका एचआयव्ही रुग्णाच्या खटल्यात म्हटले आहे की, दुसऱ्या व्यक्तीच्या जीवाला धोका असेल तेथे गुप्ततेचे बंधन निरपवाद नसते. परंतु आमच्या गटातील त्रेचाळीस जणांपैकी आईच्या सहवासात किती होते? चार. उरलेल्यांना माझ्या भीतीत सहभागी करून घेण्यासाठी मी आईची माहिती खर्ची घातली. ज्याला स्वतःला जपण्यासाठी किंवा रुग्णाला बरे करण्यासाठी ती माहिती लागते, त्याला ती द्यावी. बाकीच्यांना काय सांगायचे, हे रुग्णाने ठरवावे.

मुंबई उच्च न्यायालयातील 1997 सालचा एक निकाल मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. एका सार्वजनिक कंपनीतील रोजंदारी कामगाराला तो एचआयव्हीबाधित आहे म्हणून काम नाकारण्यात आले होते. न्यायालयाने त्याचे नाव उघड होऊ दिले नाही; तो खटला ‘एमएक्स’ या अक्षरांनीच ओळखला जातो. जो काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ या आजारासाठी दूर करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. आजाराची चर्चा उघडपणे झाली, कारण तीत अनेकांचे हित होते. झाकले गेले ते फक्त नाव. मी नेमके उलट केले होते. क्षयरोग म्हणजे काय, औषध नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाची शक्यता कशी खूप कमी होते, हे कोणाला सांगितले नाही. नाव मात्र सर्वांना सांगितले. 2020 साली करोनाच्या पहिल्या लाटेत बाधितांच्या नावांच्या याद्या मोबाइलवरून कशा फिरल्या आणि त्या घरांकडे लोक कसे पाहू लागले, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेले आहे.

कायदा रुग्णाच्या बाजूला आहे, हेही ध्यानात असावे. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे त्यांचे कर्तव्य आहे. त्याच संहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांच्या आत द्यावी लागतात. मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही यांविषयीच्या 2017 च्या कायद्यांत गुप्ततेची स्वतंत्र तरतूद आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. पण मुलाने आईचा अहवाल गटात टाकू नये, हे सांगायला कोणताही कायदा घरात येत नाही. ते आपले आपणच पाळायचे असते.

त्यानंतर आम्ही घरात काही साध्या सवयी लावून घेतल्या. अहवाल पाठवायचाच असेल तर तो गटात न टाकता त्या एका व्यक्तीलाच पाठवितो आणि नाव-पत्त्याचा भाग कापून टाकतो. झेरॉक्सच्या दुकानातून निघताना मूळ कागद आणि बिघडलेली प्रत, दोन्ही मोजून घेतो. जुन्या चिठ्ठ्या रद्दीत न देता फाडून टाकतो. आईच्या आभा खात्याचा चौदा अंकी क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवर कोणालाही सांगत नाही, कारण ओटीपी सांगणे म्हणजे संमती देण्यासारखेच आहे. एकदा माहिती बाहेर पडली की ती परत बोलावता येत नाही. डिसेंबर 2016 मध्ये मुंबईतील एका प्रयोगशाळेचे हजारो रुग्णांचे अहवाल इंटरनेटवर उघडे पडल्याचे आढळले होते. त्यांत एचआयव्हीचे अहवालही होते. ते कोणी कोणी पाहिले, हे त्या रुग्णांना कधी तरी कळणार आहे काय?

आणि सर्वांत महत्त्वाची सवय ही की, आता आम्ही आईला आधी विचारतो. दवाखान्यात डॉक्टर माझ्याकडे पाहून बोलू लागले की मी खुर्ची थोडी मागे घेतो. कधी ती म्हणते, ‘तू बाहेर बैस.’ सुरुवातीला ते मला लागत असे. आता मी निमूटपणे बाहेर बसतो.

सहा महिन्यांचे औषध तिने एकही दिवस न चुकविता पूर्ण केले. ती बरी झाली. पुढच्या वैशाखात समोरच्या घरातून तिला बिबड्यांसाठी बोलावणे आले. नळावर विचारणाऱ्या बाईंकडून मात्र अद्याप आलेले नाही. त्यांचा दोष मी मानीत नाही. त्यांच्यापर्यंत अर्धी माहिती पोहोचविणारा मीच होतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी आईची परवानगी मागितली. तिने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, आजाराचे नाव लिही, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण माझे नाव नको आणि गल्लीचा नंबरही नको. माझ्या नावावरून तिची ओळख पटेल, म्हणून या लेखावर माझेही नाव छापू नये, अशी विनंती मी संपादकांना केली आहे. आपल्या घरातील कोणाच्या आजाराविषयी आज कोणाशी बोलणार असाल, तर तत्पूर्वी त्यांच्याजवळ क्षणभर बसून एवढेच विचारावे: ‘सांगू का?’