उतारवयात पहिली फिट: तपासणी बांधावरच सुरू होते

आज पिकाचं नाही, माणसाचं लिहितो.

मागच्या महिन्यात हरभऱ्याला पाणी देताना आमच्या आप्पांना (थोरले चुलते, वय ७१) फिट आली. आयुष्यात पहिल्यांदाच. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल, कुणी चमचा. मी तोंडात काही घालू दिलं नाही, कुशीवर वळवलं आणि मोबाईलवर वेळ बघितली. झटके दोन मिनिटं. त्यानंतर अर्धा तास कुणाला ओळखेनात.

दवाखान्यात डॉक्टरांनी मशीनच्या आधी मलाच तपासलं म्हणा ना! झटका कुठून सुरू झाला? जीभ चावली का? धोतर ओलं झालं का? फवारणी केली होती का? रोजची दारू एकदम बंद केली का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी सांगितलं, पहिल्यांदा उजवा हात उडत होता. ते म्हणाले, उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो, आता तिथं बघू.

मग रक्तातली साखर आणि सोडियम. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर सोडियम उतरतं, त्यानंही फिट येते. ईसीजी काढला, कारण हृदयाचा ठोका चुकून माणूस पडला तरी हातपाय उडतात. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला जुन्या, लहानशा अटॅकचा डाग निघाला. आम्हाला कधी कळलाच नव्हता. उतारवयातल्या पहिल्या फिटमागं सापडणारं नेहमीचं कारण हेच असतं म्हणे.

ईईजी मात्र नॉर्मल आला. काकू म्हणाल्या, मग गोळ्या कशाला? डॉक्टरांनी समजावलं, ईईजी नॉर्मल म्हणजे फिट नव्हती असं नाही. आपल्या भाषेत, अळी रात्री खाते आणि आपण दुपारी पान बघतो.

आता फिटची गोळी चालू आहे, बीपीवर लक्ष आहे. ट्रॅक्टर बंद, विहिरीवर एकटं जाणं बंद. यावरून घरात रोज भांडण होतं. होऊ दे.

लक्षात ठेवा: वेळ बघा, जमलं तर दुसऱ्याला व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत किंवा लागोपाठ आले तर लगेच १०८. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. फवारणी केली असेल तर औषधाचा डबाही न्या. फिट थांबली तरी "वयामुळं चक्कर आली असेल" म्हणून घरी ठेवू नका.