पथ्य कोणाच्या हातात?

मधुमेहात डॉक्टर भेटतात ते दोन-तीन महिन्यांतून एकदा. बाकी सगळे दिवस साखर सांभाळायची पेशंटनंच. ते आपल्याला जमेल असं त्याला कितपत वाटतं, हे मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेला स्व-क्षमतेचा विचार त्यांच्या मुळाशी आहे. त्यांतली 20 प्रश्नांची एक नेदरलँड्समध्ये तयार झाली, 1999 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे इंग्रजी, तुर्की, चिनी भाषांत गेली.

अशी प्रश्नावली मराठीत आणायची रीत ठरलेली आहे. आधी भाषांतर, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, मग तज्ज्ञांची तपासणी. शेवटी पेशंटजवळ बसून एकेक प्रश्न वाचायचा आणि त्यातून काय कळलं ते विचारायचं. खरं काम इथंच होतं, आणि वेळ कमी पडला की कात्री इथंच लागते, याची मला चीड येते.

ओपीडीच्या बाकावर एका मावशींना मी विचारलं, लग्नकार्यात पथ्य पाळणं जमेल का? त्या म्हणाल्या, "माझं एकटीचं कुठं काय असतं, ताई? सगळ्यांचं होतं तेच खायचं. सुनेला वेगळं कर म्हणून कसं सांगू?" थोडं थांबून म्हणाल्या, "जमतं असंच लिहा. डॉक्टरांना वाईट वाटायला नको."

प्रश्न त्यांना पुरता कळला होता. पण आपलं ताट आपल्या हातात आहे, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. खरं उत्तर लिहिलं तर केसपेपरवर 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पडणार आणि समुपदेशन मावशींचं होणार. बोलायला हवं ते घरातल्या सगळ्यांशी. आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून उत्तर बदलत असेल, तर हे प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी विचारूच नयेत.

उपवासाचंही तसंच. एकादशी, चतुर्थीला साबुदाणा, बटाटा पोटात जातो. नाहीतर गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहायचं. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर झपकन उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात. मूळ 20 प्रश्नांत आपले उपवास नाहीत. ते मध्येच घुसवले तर दुसऱ्या भाषांतल्या गुणांशी तुलना होत नाही. वगळले तर आपल्या पेशंटच्या आयुष्यातली मोठी गोष्ट सुटते. माझ्या मते मूळ प्रश्नांना हात लावू नये. आपले प्रश्न शेवटी जोडावेत आणि त्यांचे गुण वेगळे धरावेत.

पायांच्या प्रश्नाशी मात्र मी अजून अडते. जखम, भेगा यांसाठी पाय तपासता येतात का? गुडघे दुखतात, नजर अधू झालेली, तळवा दिसणार कसा? "नातवाला बघायला सांगते," असं उत्तर येतं. काटेकोर वाचलं तर हे 'नाही'त जातं. मी ते 'हो'त धरावं म्हणून भांडते. नातवाला हाक मारून पाय पुढं करणं त्यांना जमतंय, आणि जखम वेळेत सापडतेय.