लोणावळ्याचा वाघ पाण्यात राहतो!

लोणावळा म्हटलं की काय आठवतं? चिक्की, भुशी डॅमच्या पायऱ्यांवरची गर्दी, टायगर पॉइंटवरची गरमागरम भजी... आणि परतीच्या वाटेवरचा ट्रॅफिक जॅम. टायगर पॉइंटवर वाघ काही दिसत नाही. पण गावाला खेटून असलेल्या वळवण तलावात एक वाघ नक्की आहे. पाण्यातला! त्याचं नाव महाशीर.

टीव्हीवर आपण पाहतो ना, गोरे पाहुणे आठवडाभर कुठल्याशा बेटावरच्या लॉजवर राहतात, रोज बोट काढून खोल समुद्रात मार्लिनच्या मागे लागतात. तसलं वेड आपल्याकडेही आहे, फक्त ते गोड्या पाण्यातलं. महाशीर गळाला लागला की पहिल्या झटक्यात प्रवाहाची दिशा पकडून असा सुटतो की रीलवरची दोरी सरसर संपत जाते. तोंडात दात नाहीत, ते घशात. त्यांनी तो खेकड्याचं कवचही फोडतो. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीच्या उपनदीत, कबिनीत पकडलेला महाशीर 120 पौंडांचा होता, म्हणजे साधारण 54 किलो. जिममधला आपला बेंच प्रेस आठवा!

महाशीरच्या जाती बऱ्याच. त्यातला आपला, म्हणजे दख्खनचा, निळसर परांचा. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1839 मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं, आणि त्याला हा मासा मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. म्हणजे खराडी-मगरपट्ट्याच्या ऑफिसात जाताना आपण नाकाला रुमाल लावून जी नदी ओलांडतो, तीच!

हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, खडीच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. मध्ये धरणाची भिंत आली की रस्ता बंद. मावळात तर भिंतीच भिंती. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवलं, घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि 1915 मध्ये मुंबईला वीज दिली. आता गंमत बघा, त्याच कंपनीने 1970च्या दशकात वळवणला महाशीरचं प्रजनन केंद्र उभं केलं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी इथे जे काम केलं ते वाचताना मजा येते. मादीच्या पोटावर हलक्या हाताने दाब देऊन अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती सोन्यासारखी पिवळी अंडी पसरायची आणि तीन-चार दिवस जपायची. लांब पाठवायची असतील तर ओल्या कापसात पॅक करायची. अगदी कुरिअरच म्हणा ना! इथली लाखो पिल्लं देशभरच्या तलावांत आणि नद्यांत गेली. एकेकाळी धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असलेला हा निळ्या परांचा महाशीर आता फारशी काळजी नसलेल्या गटात आहे.

टाळ्या! पण जरा थांबा.

ही पिल्लं कावेरीतही गेली. तिथे स्वतःचा वेगळा महाशीर होता, केशरी शेपटीचा, पाठीला कुबड असलेला. व्हॅन इंगेन यांचा 120 पौंडी मासा त्याच जातीचा मानला जातो. पुढे कावेरीकाठच्या गालीबोरसारख्या कॅम्पवर परदेशी अँगलर्स येऊ लागले. तंबूत राहायचं, नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावायचा, मासा पकडायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. प्रत्येक माशाची नोंद वहीत. अभयारण्यात मासेमारीवर बंदी आली आणि हा खेळ संपला, पण 1998 ते 2012 या वर्षांच्या त्या नोंदी नंतर शास्त्रज्ञांच्या कामी आल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेलेले, कुबडवाले जवळजवळ दिसेनासे. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच, पण पाहुण्या महाशीरकडेही ठळकपणे बोट दाखवलं गेलं. 2018 मध्ये या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. नाव मिळालं तेव्हा मासा संपत आला होता.

लोणावळ्याच्या लोकांनी हे मुद्दाम केलं का? अजिबात नाही. त्या काळी महाशीर म्हणजे महाशीर, जास्त पिल्लं सोडली की जास्त चांगलं, असाच हिशोब होता. माझ्या मते आजही तलावात मासे सोडण्याच्या समारंभांत हाच हिशोब चालतो. फोटो झकास येतो, मासा कुठल्या नदीचा हे कोणी विचारत नाही. आणि ज्या नदीतून हा मासा जगापुढे आला तिचं काय? मुळा-मुठेचं सांगायला नको. मावळातून निघणारी इंद्रायणी आळंदीला पोहोचते तेव्हा पाण्यावर पांढरा फेस तरंगत असतो.

तर पुढच्या वीकेंडला पुण्याहून लोणावळा लोकल पकडा. भुशीला न जाता वळवणच्या बाजूला चक्कर मारा. प्रजनन केंद्र पिकनिक स्पॉट नाही, तेव्हा कंपनीकडे आधी विचारून जा. रॉड-रील घेऊन तर परवानगीशिवाय तलावावर जाऊच नका. आणि कुठे परवानगी मिळालीच, तर बिनकाट्याचा गळ वापरा, हात ओले केल्याशिवाय माशाला हात लावू नका आणि फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नका. दोन सेकंदांत क्लिक, की लगेच पाण्यात!